ट्रॅव्हल की रेक: आधी खेळायला किती मिळेल ते विचारा

मुलगी आठ वर्षांची, अमेरिकेत सॉकर खेळते. ट्रॅव्हल टीममध्ये (निवड चाचणी घेऊन बनवलेली, बाहेरगावी मॅच खेळायला जाणारी टीम) निवड झालीये, मैत्रिणी मात्र रेकमध्येच (सगळ्यांना घेणारी गावातली हौशी लीग) राहतायत, म्हणून तुमची घालमेल चाललीये. मला विचाराल तर अजून एक वर्ष रेकमध्येच खेळू द्या. पैसे आणि वीकेंडचं ड्रायव्हिंग एक वेळ जमवता येतं. या वयात प्रत्यक्ष खेळायला मिळणं जास्त मोलाचं. एवायएसओ या अमेरिकेतल्या मुलांच्या रेक सॉकर संघटनेत प्रत्येक मुलाला किमान अर्धी मॅच खेळवायची असा नियमच आहे. ट्रॅव्हलमध्ये ते बहुतेक कोचच्या मर्जीवर. अंडर-9ला, म्हणजे तिच्या वयोगटात, सात-सात जणींची मॅच असते. टीममध्ये बारा जणी घेतल्या तर कुठल्याही वेळी पाच जणी बाहेर. म्हणून फी भरण्याआधी टीममध्ये एकूण किती जणी आहेत ते विचाराच. आणि एका प्रॅक्टिसला जाऊन कडेला उभे राहा. पोरीकडून बॉल गेला की कोच ओरडतो, की जवळ जाऊन पाय कसा लावायचा ते दाखवतो, हे तुम्हाला अर्ध्या तासात कळेल.

हो, आणि 2026-27च्या सीझनपासून बऱ्याच लीग वयोगट 1 जानेवारीऐवजी 1 ऑगस्टपासून मोजणार आहेत. तिचा वाढदिवस ऑगस्ट ते डिसेंबरमधला असेल तर ती वर्गातल्या मुलींच्याच गटात येईल. तसं असेल तर पुढच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) जरूर न्या.