टेम्प्लेट (पोस्टचे तयार साचे) लॉक करायची की मोकळी सोडायची? मार्केटिंग टीमवाल्यांनो, बोला

रेघोट्या (धागाकर्ती)
आधीच सांगते, मी डिझायनर आहे, त्यामुळे माझं पारडं कुठे झुकणार ते उघड आहे. गेल्या महिन्यात आमच्या टीमकडून एक बॅनर जुन्या लोगोसकट बाहेर गेलं. तो लोगो बदलून दीड वर्ष झालंय! माग काढला तर कळलं की एकाने मूळ टेम्प्लेट न उघडता मागच्या कॅम्पेनची फाइल डुप्लिकेट केली होती, ती फाइल त्याच्याही आधीच्या कॅम्पेनची डुप्लिकेट, अशी साखळी थेट जुन्या लोगोपर्यंत गेलेली. मग फोल्डर उपसलं. एकाच चौकोनी पोस्टची चाळीसच्या वर टेम्प्लेट निघाली. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच वापरा', आणि 'हेच वापरा' नावाच्या तर तीन.

माझं मत सरळ आहे. टेम्प्लेट मोजकी ठेवा, सांभाळणारा माणूस एकच ठेवा आणि हेडलाइन, फोटो, तारीख सोडून सगळं लॉक करा, म्हणजे कोणाला हलवता-बदलता येणार नाही. कारण एकदा प्रत निघाली की ती आपल्या हातात राहत नाही. कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये टेम्प्लेटवरून डिझाइन केलं की ते सुटं होतं, नंतर मी टेम्प्लेटची मांडणी सुधारली तरी आधी केलेली डिझाइनं तशीच राहतात. पॉवरपॉइंटमध्येही प्रत्येक फाइल स्वतःचा स्लाइड मास्टर (सगळ्या स्लाइडचा मूळ साचा) पोटात घेऊन फिरते. म्हणजे चूक झाली की ती परत बोलावता येत नाही, आधीच अडवावी लागते.

पोस्टमन
असहमत, आणि जरा चिडूनच लिहितोय कारण मी त्या दुसऱ्या बाजूला बसतो, रोजच्या पोस्टी टाकणारा. अहो, लॉक केल्यामुळेच प्रती निघतात! तुम्ही हेडलाइनला दोन ओळींची जागा दिलेली असते, माझी हेडलाइन तीन ओळींची, बॉक्स हलत नाही, डिझायनर म्हणते उद्या बघते आणि पोस्ट जायचीय आज चारला. मग मी काय करणार, जुनी मोकळी फाइल शोधतो, तिच्यात काम भागवतो, आणि ती चालली म्हणून पुढच्या वेळी पण तीच उघडतो. तुमच्या त्या चाळीस फायली म्हणजे कोणी न ऐकलेल्या चाळीस तक्रारी आहेत. डिलीट करायच्या आधी एकेक उघडून बघा तरी, माणसाने नक्की काय बदललं होतं.

रेघोट्या
तीन ओळींची हेडलाइन छोटी करणं हे पण कामच आहे ना? आणि मोकळं सोडल्यावर काय होतं ते मी बघितलंय. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) हवा, मोठ्या अक्षरांना 3:1, हे वेबच्या ॲक्सेसिबिलिटी नियमांत स्पष्ट लिहिलंय. नजर कमी असलेल्या माणसाला ती पोस्ट वाचताच येत नाही. ब्रँड जाऊ दे, हा वाचणाऱ्याचा प्रश्न आहे.

काना_मात्रा
मी मराठी कंटेंट लिहिते, आणि या भांडणात एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. टेम्प्लेट बनतं इंग्रजी डमी (नुसत्या जागा भरणाऱ्या) मजकुरावर आणि वापरलं जातं मराठीसाठी. इंग्रजीला पुरतं ते ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटी-रफार-अनुस्वारावर जाऊन बसतो. कोणीतरी दोन अक्षरांमधली जागा वाढवून ठेवलेली असते, इंग्रजीत ती ऐटबाज दिसते, मराठीत शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे अर्ध्या टेम्प्लेटमध्ये हेडलाइन उठून दिसते ती कॅपिटल अक्षरांमुळे, आपल्याकडे कॅपिटल नाहीतच, मग शीर्षक आणि खालची ओळ सारखीच दिसायला लागते. तेव्हा बिचारा पोस्टी टाकणारा स्वतःच फॉन्ट वाढवतो, बोल्ड करतो, लाल करतो, आणि मग त्याला म्हणायचं की ब्रँड बिघडवला. लॉक करायचं तर जरूर करा, पण त्याआधी 'प्रतिनिधित्वासाठी' असा लांबलचक शब्द आणि 'दुर्मीळ मूर्तींची' अशी ओळ टाकून बघा, टिकलं तरच लॉक.

पोस्टमन
+१ आणि अजून +१

छापखाना
मी छपाईच्या बाजूने आलेला माणूस. हे सॉफ्टवेअर यायच्या कितीतरी आधीपासून लोक याच्याशी झगडतायत. न्यूयॉर्क सबवेच्या पाट्यांचं मॅन्युअल 1970 सालचं, मासिमो विग्नेल्ली आणि बॉब नूर्डा यांचं. त्यात अक्षर, रंग, बाण, पाटीची मापं असे नियम आहेत आणि त्या नियमांवरून पाहिजे ती पाटी बनवता येते. आपण उलटं करतो, तयार पाटी देतो आणि नियम सांगतच नाही.

दुसरं. तुमची फोल्डरं मापाच्या नावाने असणार, पैज लावतो. 1080×1080, 1080×1350, 1080×1920 पिक्सेल. माप हे काम नाही हो. 'तारीख जाहीर करायची', 'एक आकडा दाखवायचा', 'ग्राहकाचं मत द्यायचं', 'माफी मागायची', अशी कामाच्या नावाने टेम्प्लेट ठेवा आणि प्रत्येकाच्या पोटात सगळी मापं. मापं बदलत राहतात. 2025 च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरची चौकट चौकोनी होती ती उभी 3:4 केली, तेव्हा कडेपर्यंत मजकूर असलेल्या चौकोनी पोस्टी तिथे दोन्ही बाजूंनी कापलेल्या दिसायला लागल्या. आणि कृपा करून सोशल मीडियाची फाइल छापायला पाठवू नका. छपाईला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) लागतं, चहूबाजूंनी साधारण 3 मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) लागतं, त्याचं टेम्प्लेट वेगळंच हवं.

लेअर_बाय_लेअर
फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा मूळ भाग) करा, सगळ्यांच्या सामायिक लायब्ररीतून अपडेट पब्लिश करा, ज्याने ते वापरलंय त्याला सूचना जाते आणि त्याने स्वीकारलं की बदल लागतो. प्रतींची भानगड मिटते.

पोस्टमन
मिटत नाही. अडलं की माणूस इन्स्टन्स (म्हणजे त्या कंपोनंटची जोडलेली प्रत) डिटॅच करतो, मूळापासून तोडतो आणि डिटॅच केलेल्याला अपडेट येत नाही. पुन्हा तेच रडगाणं, फक्त टूल महागडं.
छापखाना, कामाच्या नावाने ठेवायचं एकदम पटलं. 'एकच सांभाळणारा' मात्र मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे असा एकच होता, तो नोकरी सोडून गेला, मूळ फायली त्याच्या लॉगिनमध्ये, आम्ही दोन आठवडे जुन्या पोस्टींवरून टेम्प्लेट परत बनवत बसलो होतो. दोन माणसं हवीत आणि त्यातला एक रोज वापरणाऱ्यातला हवा.

रेघोट्या
दोन माणसं, मान्य. पोस्टमनचं ऐकून काल त्या फायलींपैकी बाराएक उघडून बघितल्या. बहुतेकांत एकच बदल होता, हेडलाइनचा बॉक्स खाली ओढलेला. म्हणजे माझाच बॉक्स छोटा होता, आणि काना_मात्रा म्हणतायत तसं ओळींमधलं अंतरही इंग्रजीचंच होतं. त्यामुळे बॉक्सची उंची मोकळी करतेय, अंतर वाढवतेय. बाकीच्या प्रती लगेच डिलीट नाही करणार, 'जुनं' नावाच्या एका फोल्डरमध्ये तीन महिने ठेवते, कोणी मागितलं नाही तर जातील. फॉन्ट, रंग, लोगो लॉकच राहतील.

पोस्टमन
भारी! आता फोटोची चौकट पण मोकळी करा की. उभा फोटो असला की माणसाचं डोकं कापलं जातं.

रेघोट्या
ते नाही. आडवी आणि उभी अशा दोन चौकटी करून देते, त्यातली निवडा. चौकट ओढू दिली की चार दिवसांत फोटो लोगोच्या अंगावर येतो.

पोस्टमन
मग लोगोभोवतीची जागा लॉक करा, फोटो कशाला अडवता?

काना_मात्रा
हे करून बघितलंय का कोणी? मला खरंच जाणून घ्यायचंय, आमच्याकडे पुढच्या आठवड्यात सगळी टेम्प्लेट नव्याने लावायची आहेत.