राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर रेस्टॉरंट: आधी काय ठरवायचं?

प्रश्न: बारा मजली इमारत, तळाला दोन रेस्टॉरंटचे गाळे. भाडेकरू अजून ठरलेले नाहीत. नकाशातच काय पक्कं करून टाकावं?

उत्तर १: सगळ्यात आधी धुराची वाट. डक्ट, म्हणजे धूर नेणारा पत्र्याचा मार्ग, थेट गच्चीच्या वर न्यायचा; त्यासाठी शाफ्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांतून जाणारी उभी मोकळी जागा, आत्ताच सोडा. नंतर लोकांच्या घरांतून जागा मिळत नाही. स्टेनलेसचा पत्रा, निदान १.२ मिमी, आणि सांधे पूर्ण वेल्ड. स्क्रूने जोडलेल्या सांध्यातून तेल झिरपतं, भडका उडाला की आग तिथूनच बाहेर येते. प्रत्येक वळणावर सफाईचं झाकण हवं. ते फॉल्स सीलिंगमागे दडपलं, तर साफ कोण करणार?

उत्तर २: ग्रीस ट्रॅपही, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-चरबी अडवणारी टाकी. तेल आणि गाळाने चौथा हिस्सा भरला की उपसायचा. घरांच्या ड्रेनेजला जोडू नका, चरबी पुढे जाऊन थिजते आणि तुंबलेलं पाणी पहिल्या मजल्यावर वर येतं.

उत्तर ३: दर्शनी बाजूला गाळ्याची लादी फुटपाथच्या पातळीलाच ठेवा, पायरी नको. बाहेर उघडणारं दार मीटरभर आत घ्या, नाहीतर चालणाऱ्याला लागतं. रहिवाशांचं दार मात्र वेगळं, टेबलांपासून लांब.