प्रदर्शनाआधीचा फुकट खेळ : तुमचे अनुभव लिहा

सिनेमा लागायच्या आधीच, तोही फुकट, पाहायला मिळालाय का कधी? बोलावणं कसं आलं, तिथे काय घडलं, ते सविस्तर लिहा. गोष्ट मात्र फोडू नका. सुरुवात मी करते.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक एडिटिंग असिस्टंट राहतो. एका बुधवारी त्याने बेल वाजवली. "काकू, संध्याकाळी मोकळ्या आहात? सिनेमातलं कुणी नकोय, साधे प्रेक्षक हवेत." जुहूचं सनी सुपर साउंड, वांद्र्याचं केतनव, ही प्रीव्ह्यू थिएटरं मी ऐकूनच होते. तसल्याच एका छोट्या थिएटरात गेलो. जाहिराती नाहीत, मध्यंतर नाही, सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेटही नाही. १९५२ च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय जाहीर खेळ करता येत नाही, म्हणून इथे तिकीट नसतं, बोलावणं असतं. सिनेमा अजून पुरा झाला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात एडिटिंगसाठीचे वेळेचे आकडे पळत होते. एका प्रसंगात नायिकेच्या मागे नुसता हिरवा पडदा, मागचं दृश्य अजून जोडायचं होतं! तरी अर्ध्या तासात ते जाणवेनासं झालं. सहज मागे वळले, तर एडिटर भिंतीला टेकून उभी. ती पडद्याकडे बघतच नव्हती, आमच्या डोक्यांकडे बघत होती. कोण चुळबुळतंय, कुणाचा मोबाइल उजळतोय. नंतर तिने विचारलं, "बापाचा प्रसंग लांबलाय का?" मी हो म्हटलं. सिनेमा लागल्यावर तिकीट काढून पुन्हा पाहिला. तो प्रसंग निम्मा झाला होता, आणि आता मला तो अजून थोडा हवा होता. अजून रुखरुख लागते.

ठाण्याहून : स्पर्धेत दोन पास जिंकले. सत्तरीच्या बाबांना घेऊन दीड तास रांगेत उभा राहिलो, दारात कळलं हॉल भरला. खुर्च्यांपेक्षा पास जास्त वाटले होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, त्याचंच फार वाईट वाटलं. पास असला तरी लवकर पोचा.

लॉस एंजेलिसहून : इकडे मॉलबाहेर माणसं हातात पॅड घेऊन उभी असतात. वय विचारतात, सिनेमाचं नाव सांगत नाहीत. बाहेर काही बोलणार नाही म्हणून सही घेतात. शेवटी फॉर्म : 'उत्कृष्ट' ते 'वाईट' अशा पाच चौकटी, शेवट पटला का, मित्रांना सुचवाल का. मग वीसेक जणांना पुढच्या रांगांत थांबवून प्रश्न विचारतात. मी थांबले होते. आपल्या मताची एवढी कदर क्वचितच होते.

डोंबिवलीहून : माझी मावशी शूटिंगचे कपडे शिवते. युनिटच्या, म्हणजे सिनेमासाठी राबलेल्या सगळ्यांच्या, खेळाला मला घेऊन गेली. एरवी नावं सुरू झाली की लोक उठतात, तिथे एकही माणूस हलला नाही. प्रत्येक नावाला कुठल्या ना कुठल्या रांगेतून टाळ्या. मावशीचं नाव आलं तेव्हा तिने माझं मनगट घट्ट धरलं. फोटो काढायला मनाई होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "चार आकडे मोजेपर्यंत होतं गं."