इंटरनेटचा कोटा १७ तारखेलाच संपतो, आणि बदलायला दुसरी कंपनीच नाही

रानवाट:
आमचं घर वस्तीपासून लांब. फायबर दोन किलोमीटर अलीकडच्या खांबापर्यंत येऊन थांबलं. पुढे तीनच घरं आहेत, खर्च निघत नाही, असं उत्तर मिळालं. मोबाइलचा सिग्नल एकाच कंपनीचा, म्हणून सिमवाला राउटर घेतला. महिन्याला १०० जीबी, ते संपले की स्पीड ६४ केबीपीएस. म्हणजे एक जीबी उतरवायला सलग जवळजवळ ३५ तास. या महिन्यात कोटा १७ तारखेलाच संपला. मुलीची परीक्षा तोंडावर आहे आणि तिचे वर्ग ऑनलाइन. शिक्षिका फळ्यावर समजावत असताना "व्हिडिओ बंद कर" असं तिला सांगायचं माझ्या जिवावर येतं. आम्ही सिनेमे बघत नाही. मग डेटा जातो कुठे?

काजवा:
घराला कॅमेरा लावलाय का? रेकॉर्डिंग क्लाउडवर जातं?

रानवाट:
हो, शेडवर एक आहे. चोरी झाली तेव्हापासून रात्रभर चालू ठेवतो.

काजवा:
मग आधी तिथेच बघा. १ एमबीपीएसने सतत पाठवणारा कॅमेरा आठ तासांत ३.६ जीबी खातो. लोक फक्त डाउनलोड मोजतात, पण बहुतेक प्लॅनमध्ये अपलोडही कोट्यात धरतात. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या, हालचाल झाली तरच क्लाउडवर पाठवा. राउटरमध्ये उपकरणागणिक वापर दिसतो का तेही तपासा. लॅपटॉपवर विंडोज असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, मोठे अपडेट परस्पर उतरणं बरंच कमी होतं.

डोंगरउतार:
दुसरी कंपनी खरंच नाही, की घरात पोचत नाही? मीही दोन वर्षं "नाही" म्हणूनच बसलो होतो. फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका, आरएसआरपीचा, म्हणजे टॉवरकडून फोनला मिळणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा, आकडा बघा. -११०च्या खाली गेला तर हाल, -९०च्या आसपास असेल तर उत्तम. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये घालून छपरावर चढा, चारी दिशांना फिरून आकडे लिहून काढा. आमच्याकडे घरात -११८ होता. छपरावर टॉवरच्या दिशेने अँटेना लावला आणि तो -९७ वर आला. मात्र राउटर एकाच कंपनीला लॉक केलेला नसावा.
उपग्रहाचं म्हणाल, तर ३५,७८६ किलोमीटरवरचा नको. सिग्नलच्या जाण्यायेण्यातच अर्धा सेकंद जातो, वर्गात प्रश्न विचारेपर्यंत विषय पुढे सरकतो. खालच्या कक्षेतले, साधारण ५५० किलोमीटरवरचे, पुष्कळ बरे. पण तिथेही कोट्याची अट वाचूनच पैसे भरा.

रानवाट:
राउटरचं पान उघडलं. कॅमेऱ्याच्या नावावर ६० जीबीच्या वर! मी उगाच पोरीच्या वर्गांना दोष देत होतो, फार वाईट वाटलं. कॅमेरा कार्डवर टाकला. उद्या छपरावर चढतो.

ओढा:
खांबापासूनचे दोन किलोमीटरही सोडू नका. फायबरची तार त्या मानाने स्वस्त असते, पैसा जातो चर खणण्यात. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या खेड्यांत २०११ मध्ये लोकांनी स्वतःची संस्था काढली. शेतकऱ्यांनी जमिनीतून वाट फुकट दिली, गावकऱ्यांनी चर खणले आणि घरोघरी १ जीबीपीएस पोचलं.

रानवाट:
मधली जमीन आम्हा तिघांचीच आहे! चर आम्ही खणून देऊ. शनिवारी अंतर मोजतोय. खांबावरच्या डब्यात मोकळी जोडणी आहे का, हे कंपनीकडून लेखी कसं मिळवायचं? फोनवर दर वेळी वेगळा माणूस वेगळं सांगतो.