करार संपला तरी ताबा सोडत नाहीत : कायदेशीर मार्ग कोणता?

औदुंबर
महाराष्ट्रातला राहता फ्लॅट, ११ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. मुदत संपून दोन महिने झाले. राहणारे घर सोडत नाहीत, नवा करारही करत नाहीत. जुन्या दराने पैसे मात्र खात्यात टाकतात. अर्ज कुठे करायचा? हे पैसे ठेवून घेतले तर त्यांचा भाडेकरू म्हणून हक्क तयार होतो का? पाणी बंद करावं असाही सल्ला मिळतोय.

तळमजला
पाण्याला हात लावू नका. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, वीज तोडणं, यातलं काहीही केलंत तर हातातली सोपी केस अवघड होते. जबरदस्तीनं बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा मुद्दाच येत नाही.

तुमचा रस्ता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम २४. अर्ज दिवाणी कोर्टात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायचा. आधी रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह नोटीस द्या: करार अमुक तारखेला संपला, ताबा द्या, तोवर दुप्पट दरानं नुकसानभरपाई लागू. हा दुप्पट दर कलम २४ मध्येच आहे. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत. म्हणजे करारात महिना १५,००० असेल तर ३०,०००.

अर्जाला नोंदणीकृत करार, मालकीचा पुरावा, नोटीस आणि तिची पोच जोडा. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत समोरच्यानं शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची असते. मागितली नाही, तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून ताब्याचा आदेश होतो. समन्स घ्यायला नकार दिला आणि टपालावर तसा शेरा आला, तर ते बजावलं गेलं असं प्राधिकारी धरू शकतात. म्हणून राहणाऱ्याचा कायमचा पत्ताही अर्जात घाला. आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत पुनरीक्षण (आदेश फेरतपासण्याचा) अर्ज तेवढा करता येतो.

कोर्टफी
पैशांबद्दल. रक्कम ठेवून घ्या, पण लगेच लेखी कळवा की ती नुकसानभरपाईपोटी, हक्क अबाधित ठेवून स्वीकारली आहे. 'भाडे मिळाले' अशी पावती किंवा तसा व्हॉट्सअॅप संदेश अजिबात नको, पुढे तोच कागद भाडेकरूपणाचा पुरावा म्हणून समोर येतो. अनामत रक्कमही आत्ताच परत करू नका. ताब्याच्या दिवशी वीजबिल, मोडतोड आणि थकबाकी यांचा हिशेब करून, किल्ल्या मिळाल्याचा कागद सही करून घेऊन मगच द्या.

कलम २४ चं बळ लेखी करारात आहे: त्यात लिहिलेल्या गोष्टींचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणाचा करार नुकताच झाला असेल आणि नोंदणी राहिली असेल, तर सहीपासून चार महिन्यांत करून घ्या. त्यापुढचे चार महिने दंड भरून करता येते.

माजघर
हेच जुन्या, पागडीच्या भाडेकरूला लागू होतं का? भाडं थकलंय, आणि मुलासाठी जागाही हवी आहे.

तळमजला
नाही. तिथे दावाच लावावा लागतो: मुंबई, पुण्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालयात, अन्यत्र दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

थकबाकीसाठी त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम १५. आधी लेखी मागणीची नोटीस, आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा नाही. इथे घाई केली की दावा तिथेच पडतो. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला ९० दिवस असतात. तेवढ्यात थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, पुढेही नियमित भरत राहिला, तर जागा जात नाही. म्हणून एकट्या थकबाकीवर भिस्त ठेवू नका.

मुलाची गरज कलम १६ मध्ये बसते, पण ती खरी आणि वाजवी असल्याचं सिद्ध करावं लागतं. शिवाय कोर्ट तुलना करतं: ताबा नाकारला तर मालकाची अडचण मोठी, की दिला तर भाडेकरूची? त्यामुळे मुलाचं लग्न, सध्याच्या घरातली माणसं आणि खोल्या, कुटुंबाची दुसरी जागा हे सगळं दाव्यात स्पष्ट लिहा. दुसरी जागा लपवली आणि उलटतपासणीत निघाली, तर गरजेवरचा विश्वासच जातो. पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, किंवा दाव्याआधी सलग सहा महिने विनाकारण जागा न वापरणं हीही कारणं आहेत. त्यातलं जे खरं असेल ते याच दाव्यात घ्या.

कोर्टफी
एक भर: गरजेवर ताबा मिळाला की महिन्याभरात प्रत्यक्ष राहायला जा. गेला नाहीत, किंवा वर्षभरात दुसऱ्याला भाड्यानं दिलीत, तर कलम १७ खाली जुना भाडेकरू जागा परत मागू शकतो.