फेब्रुवारीअखेर निघालेली होमरची पिल्लं: आत्ताच टॉस देऊ की पावसाळा जाऊ देऊ?

मिऱ्याकाठी_लॉफ्ट (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी मिऱ्याच्या बाजूला राहतो, मागच्या पडवीवर पत्र्याची ढाबळ आहे, होमर (लांब नेऊन सोडलं तरी घरी परत येणारी रेसची कबुतरं) पाळायला लागून हे तिसरं वर्ष. यंदा जोड्या लावायलाच उशीर झाला, डिसेंबरात घराची कौलं उतरवायचं काम निघालं आणि कबुतरं दोन महिने मित्राकडे ठेवावी लागली, त्यामुळे अंडी फेब्रुवारीत पडली आणि पिल्लं निघाली ती २० फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. एकूण सहा. सगळ्यात मोठं आता पाच आठवड्यांचं झालंय, स्वतःचं स्वतः खातंय, पण आवाज अजून चींचीं.

आपल्याकडच्या रेस थंडीत, म्हणजे ही पोरं यंदा कामाची नाहीत हे कळतंय. प्रश्न असा की एप्रिल-मे मध्ये टॉस (बास्केटमधून लांब नेऊन सोडायचं आणि घरी यायला शिकवायचं) सुरू करू, का नुसती छपरावर उडवत पावसाळा काढू आणि नोव्हेंबरला पहिल्यापासून शिकवू? यूट्यूबवर एक इंग्लंडवाला सांगतो उशिराच्या पिल्लांना त्या वर्षी बास्केट दाखवूच नका, दुसरा सांगतो थोडं तरी करून ठेवा नाहीतर पुढच्या वर्षी निम्मी हरवतात. डोकं फिरलंय.

गेल्या वर्षी अशीच चार उशिराची पिल्लं काहीच न शिकवता ठेवली आणि डिसेंबरात एकदम पालीवरून सोडली. एक आलं. ते पण दुसऱ्या दिवशी, शेपटीचे तीन पर गायब.

सर्जेकोट_होमर (मालवण)

अरे बाबा घाई कित्याक? माका विचारशीत तर पावसाआधी काय्येक करू नको.

(पुढचं मराठीत लिहितो नायतर चिपळूणवाले वैतागतात.) सहा-आठ आठवड्यांचं झालं की पिल्लू पर गाळायला लागतं. एकीकडे नवीन पिसं काढायची, दुसरीकडे एप्रिलचं ऊन, त्यात तू बास्केटात कोंबून गाडीवरून नेणार. जीव केवढा त्याचा. आणि मे लागला की दुपारनंतर कधी वळीव येईल सांगता येत नाही. माझी दोन वर्षांपूर्वी पाचातली तीन कुडाळवरून गेली ती गेलीच, मे महिना, सकाळी दहाला सोडली होती. तेव्हापासून उशिराची पिल्लं मी फक्त घरावर उडवतो, दिवाळीनंतर पुढचं. हरवत नाहीत असं नाही, पण दमून मरत तरी नाहीत.

ढाबळवाला_चिपळूण

वैतागत नाही हो, मालवणी वाचायला मजा येते 😄

पण मालवणकर, मे महिन्यात दहाला सोडलीत तर मोठी कबुतरंसुद्धा झाडावर बसतील, पिल्लांना दोष कशाला.

मिऱ्याकाठी, आधी ते इंग्लंडचे व्हिडिओ बंद कर. त्यांचं चुकीचं नाही पण त्यांचं कॅलेंडर वेगळं. तिकडे पिल्लांच्या रेस जुलै ते सप्टेंबर, उशिराचं पिल्लू म्हणजे जून-जुलैचं, त्याच्यापुढे दिवस लहान होत जाणार आणि थंडी. ते पर बदलायला सुरुवात करतं आणि मध्येच थांबतं, काही जुने पर घेऊनच पुढच्या वर्षात जातं, म्हणून ते लोक त्याला हात लावत नाहीत. तुझं पिल्लू फेब्रुवारीचं. त्याला पर बदलायला अख्खा पावसाळा मोकळा आहे, दिवाळीपर्यंत दहाच्या दहा पर नवे कोरे मिळतील. तुझी अडचण पर नाही, तुझी अडचण ७ जून आहे. त्याच्या आत जेवढं शिकवशील तेवढं, नंतर चार महिने पाऊस.

आणि काहीच नाही शिकवलं तर काय होतं ते तूच वर लिहिलंयस की, चारातलं एक. आठ-नऊ महिन्यांचं अंगाने तयार कबूतर, ताकद भरपूर, पण बास्केट म्हणजे काय हेच माहीत नाही, सुटलं की भुर्रकन सरळ निघून जातं, घर कुठल्या दिशेला आहे याचा विचार नंतर. लहानपणी पाच किमीवरून घाबरत घाबरत आलेलं पिल्लू नंतर असं करत नाही, निदान माझ्याकडची तरी करत नाहीत.

डोंगराचं पण लोक उगाच कारण देतात, कोकणात दऱ्याखोऱ्या म्हणून होमर येत नाही वगैरे. ओडिशा पोलिसांची कबूतर सेवा १९४६ ला सुरू झाली ती कोरापुटमध्ये, तो भाग काय सपाट आहे का?

मिऱ्याकाठी_लॉफ्ट

धन्यवाद दोघांनाही. म्हणजे शिकवायचं असं पकडतो, पण किती आणि कुठून? माझ्या पश्चिमेला सरळ समुद्र आहे, त्याची जास्त भीती वाटते. आणि ससाणा? जानेवारीत बंदराच्या जेटीकडे रोज दिसायचा.

जुना_तांडेल (रत्नागिरी)

पोरा, तुझ्या घरापासून मी फार लांब नाही. वीस वर्षं ट्रॉलरवर काढली आणि कबुतरं त्याच्याही आधीपासून, म्हणून वाऱ्याचं सांगतो, ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडे पहाटेपासून मतलई असते, जमिनीवरनं समुद्राकडे. साधारण दहा-अकराच्या सुमारास ती पडते आणि मग खारा वारा चालू होतो, उलटा, दुपारी जोरात. आता तू हातखंब्यावरून पिल्लू सोडलंस, ते पश्चिमेला घराकडे यायला निघालं. सकाळी मतलई पाठीशी, ते झपकन येतं, पण पोरसवदा असेल तर घर ओलांडून पाण्यावर जातं, खाली बघतं तर सगळं निळं, मग घाबरून परत फिरतं आणि आता वारा तोंडावर. मोठं कबूतर शहाणं असतं, ते पाण्यावर जायला नाखूश, किनारा धरून येतं. पिल्लाला हे माहीत नसतं. एकदा आमच्या बोटीवर, किनाऱ्यापासून बरंच आत, एक निळं पिल्लू येऊन विंचवर (जाळं ओढायच्या यंत्रावर) बसलं, रिंगवालं, चोच उघडी, पंख लोंबलेले. पोरांनी जाळ्याखाली सावलीला ठेवलं, थाळीत पाणी दिलं, मिरकरवाड्याला उतरल्यावर रिंगवरून मालक शोधला तर भाट्याचा निघाला. भाट्याचं कबूतर आणि आम्ही जयगडच्या बाहेर.

म्हणून पहिले टॉस पूर्वेकडून नाही. किनाऱ्याला समांतर दे. उत्तरेला आरे-वारेची बाजू, दक्षिणेला पावसची बाजू. किनारा एका हाताला राहतो, घर चुकलं तरी चुकायला जागा कमी. पाच-सात किमीवरून दोनदा, मग दहा-बारा, मग वीसपर्यंत. पावसाआधी यापुढे जायचंच नाही. वीस किमी पुरेत, तुला रेस जिंकायची नाहीये, त्याला फक्त कळायला हवंय की बास्केट उघडलं की घर शोधायचं. कुवारबाव-हातखंबा शेवटी एकदा-दोनदा दे, ते पण वारा पडलेला असेल त्या सकाळी.

सोडायची वेळ साडेसहा ते सात. आठ वाजले तर पिल्लं परत घरी आण, लाज वाटू देऊ नको. पाणी बास्केटला लावलेलं असू दे सोडेपर्यंत, नायतर ती वाटेत पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, उतरतात आणि तिथे मांजर, मुंगूस, सगळे वाटच बघत असतात.

पण टॉसच्या आधीचं जास्त महत्त्वाचं आहे. पिल्लू आधी घरावर नीट बसायला शिकलं पाहिजे. आता पाच आठवड्यांचं आहे ना, त्याला दाणा द्यायच्या आधी, भुकेलं असताना, संध्याकाळी फळीवर काढ, उडव नको, हाकलू नको, त्यालाच बघू दे नारळ कुठे, कौलं कुठे. डबा वाजवला की आत. दिवसाला एका कबुतराला तीसेक ग्रॅम दाणा पुष्कळ झाला, आपले लोक परात भरून ठेवतात आणि मग म्हणतात आत येत नाही. पोट भरलेलं कबूतर कशाला येईल. मग आठ-दहा आठवड्यांचं झालं की ही पोरं एक दिवस थव्याने निघतात आणि अर्धा-पाऊण तास दिसेनाशी होतात. तुझ्या पोटात गोळा येईल, येऊ दे. हे असं रोज व्हायला लागलं की मगच बास्केट. हे व्हायच्या आधी कोणी टॉस द्यायला सांगत असेल तर ऐकू नको. पहिल्यांदा एक रात्र ढाबळीतच बास्केटमध्ये झोपव.

आणि पंख उघडून बघायची सवय लाव. मोठे पर दहा, अंगाकडचा पहिला आधी गळतो, मग एक एक बाहेर. आतले एक-दोन नवे येत असतील तर चालतं, छोटे टॉस दे. पण बुडाशी निळसर, रक्त भरलेला, अर्धाच वाढलेला पर दोन-तीन जागी दिसला तर आठवडाभर सुट्टी. तो पर आपटला तर वाकडा वाढतो.

ससाण्याचं म्हणशील तर थंडीतला पाहुणा बहिरी एप्रिलपर्यंत निघून जातो. शाहीन मात्र इथलाच, कड्याकपारीचा, आणि या दिवसांत त्याच्या घरीही पिल्लं असतात, म्हणून घाटाच्या कुशीत नको. शिक्रा गावात असतोच, त्याला इलाज नाही.

सर्जेकोट_होमर (मालवण)

काकानु, वाऱ्याचा पटला. माझी तीन कुडाळवरून येत होती म्हणजे पूर्वेकडूनच, आणि दहा म्हणजे वारा फिरायची वेळ. मी आजपर्यंत उन्हालाच शिव्या देत होतो.

एक भर घालतो, आंब्याच्या बागा. एप्रिल-मेला वानर हाकवायला बागेतून बार काढतात, सकाळी सकाळीच. माझ्या मोठ्या कबुतरांचा थवा एकदा देवगडच्या अलीकडे असाच फुटला, एकेक करून संध्याकाळपर्यंत आली. सोडायची जागा बागेपासून लांब बघ.

ढाबळवाला_चिपळूण

टॉसच्या आधी घसा तपासा रे, चोच उघडून टॉर्च मारा. आत पिवळट दह्यासारखा थर दिसला तर तो कँकर, त्या पिल्लाला पाच किमीसुद्धा जड. आणि मानमोडीची लस पावसाच्या आधी, टॉसच्या निदान दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या, बरेच जण कोंबड्यांची लासोटा लसच देतात पण पशुवैद्याला विचारून द्या. पावसात ढाबळ ओली राहिली की जंत, कॉक्सी (आतड्याचा रोग) सगळं येतं, तेव्हा मग कुठलं ट्रेनिंग.

मिऱ्याकाठी_लॉफ्ट

मे महिन्याचा अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, आंब्याची गडबड होती.

सहातलं एक एप्रिलमध्येच मांजराने नेलं, ढाबळीची जाळी मीच नीट लावली नव्हती. उरलेली पाच. एप्रिलअखेर थवा रोज गायब व्हायला लागला, पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं, मी जेवलो नाही, आई म्हणाली मुलगा बोर्डाच्या रिझल्टला एवढा घाबरला नव्हता. मे लागल्यावर आरे-वारेच्या अलीकडून पहिला टॉस, सव्वासहा वाजता निघालो, पावणेसातला सोडली. वर दोन-तीन गोल घिरट्या मारल्या आणि सरळ उत्तरेला गेली, म्हणजे उलटी!! मी तिथेच डोक्याला हात लावून बसलो. घरी फोन केला तर बहीण म्हणते चार आलीत, दाणे खातायत. पाचवं साडेनऊला आलं. दुसऱ्या वेळी पाचही एकत्र. काल पावसच्या बाजूने बारा-तेरा किमी, सगळी माझ्या आधी घरी, मी भाट्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये.

तांडेलकाका, त्या साडेनऊवाल्याच्या डाव्या पंखात आतून दुसरा आणि तिसरा पर एकदमच गळालेत, उजवीकडे फक्त दुसरा. टॉस थांबवू का त्याचे?

जुना_तांडेल (रत्नागिरी)

दोन्ही पंख सारखे होईपर्यंत थांबव, आठ-दहा दिवस. घरावर उडू दे, बास्केट नको. बाकीच्या चारांना वीसपर्यंत ने, पण मेच्या २५ च्या आत आटप, या वर्षी ढग लवकर दिसतायत मला. आणि जाळी नीट लावलीस का ते आधी सांग.

मिऱ्याकाठी_लॉफ्ट

लावली काका. अर्ध्या इंचाची, खालून फरशीपर्यंत.