मदत हवी आहे : शेततळ्यांपासून मुलांना वाचवायला गावपातळीवर नेमकं काय करता येईल?

शिवारफेरी :
नमस्कार मंडळी. मी सिन्नर तालुक्यातला, शाळा व्यवस्थापन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. यंदा उन्हाळ्यात शेजारच्या गावात दोन भावंडं शेततळ्यात बुडाली. धाकटा घसरला, त्याला काढायला थोरली उतरली. त्यानंतर तिथे 'पाण्यात उतरू नये' असा फ्लेक्स लागला. पाच वर्षांचं पोर फ्लेक्स वाचून थांबतं असं ज्यांना वाटतं, त्यांना नमस्कार.

आमच्या लहानपणी विहिरी होत्या. पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून पोरं मे महिन्यात पोहायला शिकायची, काठावर कुणीतरी मोठं माणूस असायचंच. शिवाय विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, हाताला काहीतरी लागतं. शेततळ्यात काहीच लागत नाही. 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, खासगी तर त्याहून मोठी. आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, चारही बाजूंनी उतार, वरून शेवाळ. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ओल्या कागदावरून वर येता येत नाही. म्हणून 'पोरांना पोहायला शिकवा' एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो.

विचारायचंय ते असं. तारेच्या जाळीचा खर्च परवडत नाही असं शेतकरी म्हणतात, आणि ते खोटं नाही. मग स्वस्तात काय? शाळेत पोरांना नुसती भीती न घालता काय शिकवायचं? आणि अगदी लहानग्यांचं काय करायचं? कांदे लागणीच्या दिवसांत आया वाफ्यात असतात आणि रांगतं पोर बांधावर.

बांधावरचा_आण्णा :
माझी स्वतःची दोन तळी आहेत. चारही काठांवर लोखंडी खुंट्या ठोकून नायलॉनचे दोर पार तळापर्यंत सोडलेत. हात-हात अंतरावर गाठी, आणि प्रत्येक दोराला ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून बांधलेली. पाणी खाली गेलं तरी दोर पोचला पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये तो नुसता शोभेला राहतो. खर्च जाळीच्या पासंगालाही पुरत नाही. कुंपणाला बाभळीचं काटेरी कुपाटं करा, पण कागदापासून चांगलं लांब. काटा घुसून कागद फाटला तर तुम्हाला सल्ला देणारा मी गावात तोंड दाखवू शकणार नाही. जुन्या शेडनेटचा उपयोग नाही, पोरं खालून शिरतात.

मावशी_सिस्टर :
मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. पोरांना एकच गोष्ट पाठ करून घ्या: कुणी बुडत असेल तर आपण उतरायचं नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, काठावर पालथं झोपून हाताला येईल ते पुढे करायचं किंवा फेकायचं. पाइप, साडी, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन, काहीही. एकामागून एक भावंडं जातात ती या चुकीनेच. आणि बुडणारं पोर बहुतेक वेळा हाक मारत नाही, ते गुपचूप खाली जातं. 'आवाज आला असता तर धावलो असतो' या भरवशावर राहू नका.

आता मोठ्यांसाठी. बाहेर काढलेल्या पोराला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात, कुणी मिठाच्या ढिगात ठेवतात. व्हॉट्सॲपवर हे फिरतं, म्हणून लोकांना खरं वाटतं. यात फक्त वेळ जातो. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध दाब. ३० दाब, २ श्वास, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. हे ऐकून येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर हाताने करून बघावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा प्रशिक्षणाची लेखी मागणी करा.

पुणेरी_पाणबुडा :
धागाकर्त्यांशी थोडा असहमत. पोहता येणारं पोर दोरापर्यंत जाऊ शकतं, न येणारं हातभर अंतरावरचा दोरही पकडू शकत नाही. दोन्ही हवं.

लहानग्यांसाठी बांगलादेशकडे बघा. तिथे बुडण्याच्या घटना सकाळी नऊ ते एकच्या सुमाराला जास्त, कारण आई कामात असते. म्हणून गावोगावी नेमक्या त्याच वेळेत 'आंचल' नावाची पाळणाघरं चालवली. जागतिक आरोग्य संघटनाही शाळेआधीच्या वयासाठी पाळणाघराचीच शिफारस करते. आपल्या अंगणवाडीत बसायला तीन वर्षं पूर्ण लागतात. खरी फट त्याच्या आधीच्या वयात आहे.

शिवारफेरी :
आण्णा, दोराची कल्पना उद्याच दोघा-तिघांना दाखवतो. ताई, तुमचा मुद्दा शाळेत २५ जुलैला घेतो. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून तो बुडण्याच्या प्रतिबंधाचा दिवस ठरवलाय, त्यामुळे मुख्याध्यापकांना नाही म्हणता येणार नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक तळ्याला दोर आणि ट्यूब असा ठराव मांडतो. लागणीच्या दिवसांपुरतं पाळणाघर बचत गटाला जमेल का, हे बायकांनाच विचारावं लागेल. कुणाच्या गावात असं हंगामी पाळणाघर चालतं का? सांभाळणाऱ्या बाईची मजुरी कशी देता, ते सांगा. घोडं तिथेच अडणार आहे.